घरच्या घरी झोपेचा आलेख: प्रकल्प नोंदी (रामबाग, इंदूर)

२ मार्च २०२५: सामान आणि एक अट

रात्रभराची झोप नोंदवायची आणि सकाळी तिच्या अवस्था वाचता आल्या पाहिजेत, एवढंच काम. डोक्याच्या उजव्या बाजूला एफ४ (पुढे) आणि सी४ (मध्यावर), डाव्या कानामागे एम१, डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीवर दोन आणि कपाळाच्या मधोमध ग्राउंड, असे आठ इलेक्ट्रोड. एफ४ आणि सी४ दोन्ही एम१च्या तुलनेत मोजायचे, डोळ्यांचे दोन एकमेकांच्या तुलनेत. हनुवटीची वाहिनी वेगळी.

डोक्यावर मिळणारा सिग्नल १० ते १०० मायक्रोव्होल्ट. तो वाढवायला चार एडी६२० (प्रत्येक वाहिनीला एक), दुसऱ्या टप्प्याला एक एमसीपी६००४ (आत चार ऑपॲम्प असतात), शरीरावरची घरातल्या विजेची गुणगुण उलटी करून कपाळावर परत द्यायला टीएल०७२, मोजायला एडीएस१११५, चालवायला ईएसपी३२ आणि साठवायला मायक्रोएसडी. बॅटरी क्लिप, डबा, श्रिंक ट्यूब, शिल्डेड वायर महाराणी रोडवर मिळाली. आयसी ऑनलाइन मागवावे लागले. एडी६२०च्या नावाखाली फार स्वस्त काही दिसलं तर घेऊ नका. नकली चिप चालते, पण तिचा नॉइज सिग्नलच्याच मापाचा असतो.

अट अशी: इलेक्ट्रोड अंगावर असताना यंत्र फक्त बॅटरीवर. यूएसबी लावायची नाही, चार्जर लावायचा नाही, लॅपटॉप जोडून ‘नुसतं बघायचं’ही नाही. डेटा कार्डवर जातो, सकाळी इलेक्ट्रोड काढल्यावरच कार्ड काढायचं. शिवाय प्रत्येक इलेक्ट्रोडच्या मार्गात २२० किलोओहम: चिप जळून ९ व्होल्ट थेट अंगावर आले तरी करंट सुमारे ४१ मायक्रोअँपिअरवर अडतो. कपाळाच्या ग्राउंडला ३९० किलोओहम. यामुळे नॉइज थोडा वाढतो, पण झोपेच्या लाटांपुढे तो किरकोळ आहे.

९ मार्च: ५० हर्ट्झची भिंत

पहिल्या टप्प्याचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) २० ठेवला (एडी६२०च्या गेन पिनांमध्ये १.३ किलोओहमचे दोन रेझिस्टर, त्यांच्या मधल्या बिंदूवरून ग्राउंडच्या सर्किटला सिग्नल). इथेच एकदम २००० करण्याचा मोह आवरा. धातू आणि कातडी यांच्यात डीसी व्होल्टेज तयार होतं, ते शेकडो मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतं. वीसपट झालं तरी ते ±९ व्होल्टच्या पुरवठ्यात मावतं, दोन हजारपट झालं की चिप एका टोकाला चिकटून बसते आणि आलेखावर सरळ रेघ येते. डीसी मध्ये कपॅसिटरनं अडवून मग १०१चा दुसरा टप्पा. एकूण २०२०.

इतकं करूनही पडद्यावर फक्त घरातली वीज दिसत होती. कारण २२० किलोओहमचे रेझिस्टर ५ टक्केवाले होते. दोन इनपुटमध्ये दहा-वीस किलोओहमचा फरक पडला की दोन्हीकडे सारखीच येणारी गुणगुण वजा होत नाही, फरक म्हणून आत शिरते. १ टक्क्याचे रेझिस्टर आणून मल्टिमीटरवर जोड्या जुळवल्या आणि भिंत कोसळली. यात गेला तो सगळा वेळ वायरी पिळण्यात आणि शिल्ड बदलण्यात गेला होता. दोष तिथे नव्हताच.

१६ मार्च: अल्फा

रात्रीच्या आधी ही चाचणी करावीच. सी४ची वायर तात्पुरती डोक्याच्या मागच्या बाजूला, ओ२वर लावा. शांत बसून डोळे मिटा. एक-दोन सेकंदांत साधारण १० हर्ट्झच्या नीटस लाटा (अल्फा) उमटतात, डोळे उघडताच जातात. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरनं १९२४मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिली नोंद घेतली आणि १९२९मध्ये छापली, त्यातही हीच लय ठळक होती. अल्फा दिसत नसेल तर झोप नोंदवायला जाऊ नका. सकाळी आठ तासांचा कचरा हाती येईल.

थोड्या लोकांमध्ये अल्फा मुळातच क्षीण असतो. दुसऱ्या माणसावर लावून पाहा, मगच सर्किट उकला.

२१ मार्च: रंगपंचमीनंतरची कातडी

गेर (रंगपंचमीची मिरवणूक) १९ला झाली. आज नोंद घ्यायला बसलो तर एकही इलेक्ट्रोड नीट बसेना. रंगाआधी केसांना चोपडलेलं तेल, वर पक्का रंग, आणि तो काढायला घासघासून लाल झालेली कातडी. तेलावर पेस्ट सरकते, सोललेल्या कातडीवर झोंबते. इंदुरात मार्चमध्ये कुणी हे करणार असेल तर सरळ आठवडाभर थांबावं.

एरवीची पद्धत: संध्याकाळी शाम्पू, तेल नाही, कंडिशनर नाही. केसांत भांग पाडून कापसाच्या काडीनं घासणारी जेल हलक्या हातानं फिरवायची, सोन्याच्या मुलाम्याचा कप (हाच इलेक्ट्रोड) पेस्टनं काठोकाठ भरायचा, दाबून वर कापसाचा बोळा आणि मायक्रोपोर पट्टी. सी४ शोधायला टाळूचा मध्य काढा (नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं निम्मं अंतर आणि कानापासून कानापर्यंतचं निम्मं, जिथे छेदतात तो बिंदू). तिथून उजव्या कानाकडे एकूण कान-ते-कान अंतराच्या २० टक्के, म्हणजे ३५ सेंमी असेल तर ७ सेंमी. एफ४ त्याच्या पुढे सुमारे तेवढ्याच अंतरावर.

संपर्क ५ किलोओहमच्या आत हवा. तो मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजू नये. मीटर डीसी सोडतो, कप ध्रुवीकृत होतात आणि पुढचा तासभर रेघ वाहत राहते. बॅटरीवरच्या ४० हर्ट्झ, १ व्होल्टच्या स्रोताला १ मेगओहम जोडून दोन कपांत सोडा आणि एसी मिलिव्होल्ट वाचा. ५ मिलिव्होल्ट म्हणजे ५ किलोओहम.

३० मार्च: पाडव्याला ब्राउनआउट

व्होल्टेज पडून (ब्राउनआउट) यंत्र रात्री मध्येच रीसेट होत होतं. ईएसपी३२ बोर्डावरच्या एएमएस१११७ रेग्युलेटरला इनपुट आउटपुटपेक्षा व्होल्टभर जास्त लागतं. १८६५० लिथियम सेलचे ३.७ व्होल्ट त्याला पुरत नाहीत, आणि कार्डावर लिहिताना करंट उसळला की बोर्ड बसतो. एचटी७३३३ (कमी फरकावर चालणारा रेग्युलेटर) लावून थेट ३.३च्या पिनला पुरवठा दिला, वायफाय आणि ब्लूटूथ बंद केलं.

दुसरी भानगड: कार्ड अधूनमधून शे-दीडशे मिलिसेकंद थांबतं, तेवढे नमुने गळतात. एका कोअरवर वाचन, दुसऱ्यावर लेखन, मध्ये दोन बफर. सेकंदाला १२८ नमुने, तीन वाहिन्या, आठ तास: सुमारे २२ एमबी. साधं ४ जीबीचं कार्ड भरपूर झालं.

६ एप्रिल: गाढ झोप कुठे गेली?

पहिली सबंध रात्र. आलेख स्वच्छ, पण पूर्ण आठ तासांत एन३, म्हणजे गाढ झोप, जवळपास नाही. झोपणारा तिशीचा, धडधाकट, सकाळी ताजातवाना. पहिल्या रात्री वायरी लावून झोप बिघडते हे खरं (म्हणून पहिली रात्र आम्ही मोजणीत धरत नाही), पण एन३ इतकी पुसली जात नाही.

दोष दोन टप्प्यांमधल्या कपॅसिटरचा. हातात होता म्हणून ०.१ मायक्रोफॅरड आणि १ मेगओहम लावलेलं. हिशेब केला तर खालची मर्यादा १.६ हर्ट्झ, त्याहून संथ लाटा अडतात. गाढ झोपेची लाट सेकंदाला एकदा किंवा त्याहूनही संथ येते. कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) असंख्य पेशी एकदम गप्प होतात, मग एकदम बोलू लागतात, पुन्हा गप्प. मिर्चा स्टेरियाडे यांच्या गटानं १९९३मध्ये ही एक हर्ट्झखालची लय प्राण्यांच्या मेंदूत दाखवली. आमच्या फिल्टरमधून ०.८ हर्ट्झची लाट जेमतेम ४५ टक्के उरत होती. नियम असा की ०.५ ते २ हर्ट्झची, ७५ मायक्रोव्होल्टहून उंच लाट ३० सेकंदांच्या खिडकीत किमान ६ सेकंद दिसली तर एन३. १०० मायक्रोव्होल्टची लाट ४५ होऊन आली तर ती मोजली जाणारच नाही. झोपणारा गाढ झोपलेला होता, यंत्राला ते ऐकू येत नव्हतं.

आता १ मायक्रोफॅरड आणि ५६० किलोओहम: मर्यादा ०.२८ हर्ट्झ, ०.८ची लाट ९४ टक्के शिल्लक. कपॅसिटर फिल्मचाच घ्या. इलेक्ट्रोलायटिक गळतो आणि रेघ डोलत राहते.

या प्रकल्पात एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर ही तपासा. बाजारातली हृदयाच्या ठोक्यांची तयार मोड्यूलं झोपेला निरुपयोगी ठरतात ती अनेकदा याच कारणानं: त्यांची खालची मर्यादा डोलणारी रेघ स्थिर ठेवायला मुद्दाम वर घेतलेली असते.

१३ एप्रिल: छाटलेली शेंडी

एन२, म्हणजे मधली हलकी झोप, ओळखायची ती दोन खुणांवरून. एक स्पिंडल: ११ ते १६ हर्ट्झचा, किमान अर्ध्या सेकंदाचा, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता झुबका. दुसरी के-कॉम्प्लेक्स: एक उंच तीक्ष्ण लाट आणि लगेच उलटी. आमच्या के-कॉम्प्लेक्सची एक बाजू कात्रीनं कापल्यासारखी सपाट येत होती.

एडीएस१११५ची रेंज ±२.०४८ व्होल्ट ठेवलेली, आणि सिग्नल १.६५ व्होल्टवर उभा. म्हणजे वरच्या बाजूला फक्त ०.४ व्होल्ट मोकळे, २०२०नं भागले तर १९७ मायक्रोव्होल्ट. कपाळाजवळ तरुण माणसाची लाट याच्या पुढे सहज जाते. उपाय फुकटचा निघाला: चिपचं चौथं इनपुट १.६५ व्होल्टला बांधलं आणि पहिली तीन त्याच्या फरकानं वाचली. आता दोन्ही बाजूंना १.६५ व्होल्ट, म्हणजे सुमारे ८१७ मायक्रोव्होल्ट मोकळे.

स्पिंडल सी४वर जास्त चांगले दिसतात. ते थॅलॅमसभोवतीच्या (इंद्रियांचे संदेश कॉर्टेक्सकडे पोचवणाऱ्या भागाभोवतीच्या) रेटिक्युलर केंद्रकात उठतात. तिथल्या पेशी थॅलॅमसला लयीत दाबत राहतात, आणि बाहेरचा आवाज कॉर्टेक्सपर्यंत जाताना क्षीण होतो. रस्त्यावर कुत्री भुंकत असतानाचा आलेख पाहा: भुंकण्याच्या सुमारास के-कॉम्प्लेक्स, पाठोपाठ स्पिंडल, आणि माणूस झोपलेलाच.

बारीकसं: एलईडी दिव्यांच्या पुरवठ्यातून १०० हर्ट्झ आत येत असेल तर १२८च्या नमुन्यांत तो २८ हर्ट्झ होऊन बसतो आणि जागेपणासारखा भासतो. दुसऱ्या टप्प्यात १०० किलोओहमला समांतर ४७ नॅनोफॅरड लावा (३४ हर्ट्झ), आणि झोपायच्या खोलीतला ॲडाप्टर काढून टाका.

२० एप्रिल: डोळे आणि हनुवटी

नुसत्या डोक्याच्या वाहिन्यांवरून आरईएम (डोळे झटक्यानं हलतात ती, स्वप्नांची) झोप आणि पेंगुळलेली एन१ वेगळी करता येत नाही. दोन्ही बुटक्या, मिश्र लाटांच्या. शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३मध्ये आरईएम वेगळी काढली ती डोळ्यांच्या झटक्यांवरूनच. एक इलेक्ट्रोड डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली १ सेंमी, दुसरा उजव्याच्या वर १ सेंमी. डोळे एकत्र हलतात म्हणून त्यांच्या फरकात झटका दुप्पट येतो, आणि कपाळावरून झिरपणाऱ्या मेंदूच्या लाटा बऱ्याच वजा होतात.

हनुवटीला साधे चिकटवायचे ईसीजी इलेक्ट्रोड, १० ते १०६ हर्ट्झ. इथे लाटेचा आकार नको, स्नायूचा ताण किती तेवढंच हवं, म्हणून ही वाहिनी ईएसपी३२च्या स्वतःच्या ओबडधोबड एडीसीवर ५०० नमुन्यांनी घेतली. कार्डावर लिहिताना काटे उमटत होते. पाव सेकंदाची सरासरी घेण्याऐवजी मध्यक घेतला आणि ते गेले.

रात्री ३ वाजून १० मिनिटांचं पान असं आहे: सी४वर स्पिंडल थांबतात. हनुवटीची जाड रेघ अर्ध्या मिनिटात पातळ होत दोऱ्याएवढी राहते. सुमारे मिनिटभर काहीच नाही, मग डोळ्यांच्या वाहिनीवर तीन टोकदार झटके लागोपाठ. मेंदूच्या देठातल्या पॉन्स भागातून निघालेला आदेश खाली पाठीच्या कण्यापर्यंत जातो आणि ग्लायसीन-गॅबा या पेशींना दाबणाऱ्या रसायनांच्या जोरावर हातापायांचे स्नायू सैल पाडतो. डोळे आणि श्वासपटल वगळून. मिशेल जुव्हे यांनी १९५९मध्ये मांजरांत हे स्नायूंचं सैल पडणं नोंदवून त्याचा धागा पॉन्सपर्यंत नेला. हनुवटीची वाहिनी काटकसरीत वगळू नका, हे पान तिच्याशिवाय वाचता येत नाही.

२७ एप्रिल: घामाची गाढ झोप

आज उलटं झालं: एन३ अर्धी रात्र! तीही पहाटे, जेव्हा ती कमी असायला हवी. उकाडा भयंकर, पंखा छताला. घामातल्या मिठानं कपाखालचं व्होल्टेज हळूहळू डोलतं आणि ती डोलणी गाढ झोपेच्या लाटेसारखी दिसते.

फरक ओळखायचा तो असा. घामाची डोलणी बहुतेक अर्ध्या हर्ट्झच्या खाली, एफ४ आणि सी४ दोन्हींत सारखीच (एम१ समाईक आहे ना), आणि डोळ्यांच्या वाहिनीतही तशीच निवांत. खरी लाट कपाळाकडे उंच, मागे बुटकी, आणि रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात दाटलेली. सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा १ हर्ट्झवर नेऊन घाम घालवू नका. ६ एप्रिलची चूक पुन्हा होईल. टेबलफॅन थेट डोक्याकडे, उशीवर सुती कापड, कानामागची पट्टी झोपण्याआधी बदललेली, इतकं पुरतं. कूलर लावून पाहिला: हवा थंड, पण दमट हवेनं पहाटेपर्यंत मायक्रोपोर सुटली.

११ मे: जास्त गुळगुळीत केलं

फाइल ईडीएफमध्ये (अशा नोंदींच्या ठरलेल्या साच्यात) करून एमएनई आणि यासा या पायथन लायब्ररींनी अवस्था काढल्या. ईडीएफच्या हेडरमध्ये भौतिक कमाल-किमान नीट भरा (एडीसीच्या पूर्ण रेंजची, आमची ±१०१४ मायक्रोव्होल्ट), नाहीतर सगळ्या उंच्या खोट्या. आणि एमएनई आतून व्होल्टमध्ये बोलतं, यासाच्या स्पिंडल शोधणाऱ्या फंक्शनला मायक्रोव्होल्ट लागतात; दहा लाखानं गुणायचं राहिलं तर एकही स्पिंडल सापडत नाही.

अवस्थांचा आलेख फार दातेरी दिसतो म्हणून त्यावर पाच मिनिटांचा मीडियन फिल्टर फिरवला होता. चित्र सुंदर झालं आणि माहिती मेली: अर्ध्या-एक मिनिटाच्या जागेपणाच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. झोप-जाग दिव्याच्या रेग्युलेटरसारखी हळूहळू फिरत नाही, ती खटक्यानं पलटते. व्हिएन्नाच्या फॉन इकोनोमो यांनी १९१७च्या सुमारास झोपेच्या साथीतल्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले: हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या भागाच्या) पुढच्या भागाला इजा झालेले झोपू शकत नव्हते, मागच्या भागाला इजा झालेले उठू शकत नव्हते. पुढच्या भागातल्या व्हीएलपीओ केंद्रकातल्या पेशी गॅबा आणि गॅलॅनिन सोडून जागं ठेवणाऱ्या केंद्रांना (हिस्टामिन, नॉरॲड्रेनॅलिन, सेरोटोनिन) दाबतात. ती केंद्रं उलट यांना दाबतात. दोघं एकमेकांना दाबतात म्हणून अधली अवस्था टिकत नाही. ओरेक्सिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी हा खटका स्थिर धरतात. नार्कोलेप्सीत (दिवसा अचानक झोप येण्याच्या आजारात) बहुधा त्याच मेलेल्या असतात. तेव्हा फिल्टर काढला. दातेरी आलेख खरा.

यासा एन१मध्ये बऱ्याचदा चुकतं; अनुभवी माणसंही तिथेच एकमेकांशी सहमत नसतात. आमचे एक झोपणारे काका सकाळी म्हणाले, “अहो, माझा तर रात्रभर डोळा लागला नाही.” आलेखात स्पिंडलच स्पिंडल. हे खोटं बोलणं नव्हे; हलक्या झोपेतून वारंवार वर येणाऱ्याला मधला काळ आठवत नाही आणि जागेपण तेवढं आठवतं. त्यांना आलेख दाखवून वाद घालू नये.

त्याच रात्री त्यांनी सर्दीची गोळी घेतली होती हे नंतर कळलं. जुनी अँटिहिस्टामिन मेंदूत शिरून हिस्टामिनचं जागं ठेवण्याचं काम अडवतात. रात्र बाद. आता झोपण्याआधी छापील चिठ्ठी भरून घेतो: औषध, चहा-कॉफी, दारू, दुपारची झोप.

१८ मे: सराफ्यानंतरची रात्र

सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) भुट्ट्याचा कीस खाऊन रात्री २ला घरी, ३ला झोप, ७ला उठवलं. चार तासांत एन३ जवळपास नेहमीइतकीच. कापली गेली ती एन२ आणि आरईएम. अपेक्षितच. जागेपणी साठत जाणारा दाब (ॲडेनोसिन त्यातला एक, कॉफी त्याचीच जागा अडवते) आधी गाढ झोपेतून फेडला जातो. दुसरी गोष्ट शरीरातल्या घड्याळाची: डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या वर बसलेलं सुप्राकायझमॅटिक केंद्रक, सुमारे २० हजार पेशींचं. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२मध्ये हे दाब आणि घड्याळ एकत्र मांडले. एका रात्रीवरून आमचं म्हणणं काही सिद्ध होत नाही, फक्त यंत्र दिशा बरोबर दाखवतं एवढं कळलं.

घड्याळाचा एक त्रास आम्हीच देत होतो. इलेक्ट्रोड लावायला तासभर लागतो आणि तो तास पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली, नेमका झोपेच्या आधी. नेत्रपटलातल्या मेलॅनॉप्सिनच्या पेशींना ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर उजेड सर्वांत जास्त टोचतो आणि मेलॅटोनिन (रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक) दबतं. आता काम साडेआठपर्यंत उरकतो, आणि नंतरची डागडुजी मागच्या बाजूला ठेवलेल्या पिवळ्या दिव्यात.

२५ मे: हिशेब आणि उरलेली डोकेदुखी

इलेक्ट्रॉनिक्स साधारण साडेपाच हजार रुपये, त्यात वाया गेलेल्या चिपा धरल्या. कप, पेस्ट, जेल, पट्ट्या चार हजारांच्या आसपास. पेस्टचा डबा बरेच महिने जातो. ९ व्होल्टच्या सेलना साध्यांऐवजी अल्कलाइन घ्या. साध्यांचा व्होल्टेज चार-पाच रात्रींत इतका उतरतो की एडी६२०ची जागा आक्रसते आणि घामाच्या रात्री रेघ टोकाला चिकटते.

नोंद वाचायला आठ तासांच्या ९६० खिडक्या असतात. सुरुवातीला हातानंच वाचा, यासाशी नंतर ताडा. उलट केलं तर त्याच्या चुका डोळ्यांत बसतात.

या यंत्रात श्वास आणि रक्तातला ऑक्सिजन नाही. कुणी घोरताना श्वास थांबतो असं घरचे सांगत असतील तर आमचा आलेख त्याला काही सांगू शकत नाही. त्यानं झोपेच्या डॉक्टरांकडे जावं.

दाढीवाल्यांच्या हनुवटीचा इलेक्ट्रोड पहाटे चारच्या पुढे टिकत नाही, आणि आरईएम नेमकी तेव्हाच दाटते. कप लावून कोलोडियननं (लवकर सुकणाऱ्या चिकट द्रवानं) चिकटवता येतो, पण तो काढायला ॲसिटोन लागतं, तोंडाजवळ ते नको. सध्या जबड्याखालच्या मोकळ्या कातडीवर हलवून पाहतोय. ताण कमी दिसतो, पण उंबरठा निम्म्यावर आणला की आरईएम वेगळी निघते.

एम१ सुटला तर एफ४ आणि सी४ दोन्ही वाहिन्या एकदम जातात. उजव्या कानामागे एम२चा जादा कप लावून त्याची वायर डब्यापर्यंत आणून ठेवा. रात्री पट्टी सुटलीच तर झोपणाऱ्याला न उठवता फक्त प्लग बदलायचा, आणि वेळ लिहून ठेवायची.